पोरक्या ओळी

संगणकातील विदागारात एखादी नवी ओळ भरू गेले असता ते कधी कधी ओळ घेत नाही, उलट एक वाक्य परत करते. 'कॅनॉट ॲड ऑर अपडेट अ चाइल्ड रो : अ फॉरिन की कन्स्ट्रेन्ट फेल्स.' वाक्याच्या आधी एक क्रमांक असतो, १४५२. हे मायएसक्यूएल या प्रणालीचे वाक्य; इतर प्रणाली हीच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगतात. मराठीत त्याचा आशय असा की, आपण आणलेल्या ओळीने आपला पालक म्हणून ज्याचा निर्देश केला आहे तो पालक आमच्या दप्तरी नाही, सबब ही ओळ दाखल करून घेता येत नाही. शाळेच्या प्रवेशखिडकीमागे बसलेल्या कारकुनाच्या तोंडी शोभावे असे हे वाक्य आहे, आणि त्या कारकुनाप्रमाणेच ते प्रथमदर्शनी मनुष्याला चीड आणते.

साहित्याच्या अभ्यासकाने या वाक्यापाशी थांबावे असे त्यात काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. आम्हीही एरवी थांबलो नसतो. परंतु एका जुन्या वाचनालयाच्या मराठी ग्रंथांची सूची नव्या विदागारात नेण्याच्या कामात आमचा हात लागला, आणि त्या काळात हे वाक्य आमच्या इतके वाचनात आले की त्याच्याकडे पाठ्य म्हणून पाहणे भागच पडले. सूची मुळात कार्डांवर होती. कार्डांवरून ती कोणी कोणी, निरनिराळ्या वर्षी, संगणकाच्या चौकटीतून टंकून घेतली होती. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, असे सगळे एकाच लांबलचक पत्रकात. ते पत्रक फोडून त्याचे परस्परांशी जोडलेले तक्ते करायचे होते. जोडणी करू लागताच १४५२ची वाक्ये पडू लागली.

ही जोडणी म्हणजे काय, ते गडकऱ्यांचे उदाहरण घेऊन सांगता येईल. एकाच पत्रकात सगळे असले की 'एकच प्याला'समोर 'राम गणेश गडकरी' लिहिलेले असते, 'वाग्वैजयंती'समोर 'गोविंदाग्रज' आणि 'रिकामपणची कामगिरी'समोर 'बाळकराम'. कोणी 'रा. ग. गडकरी' लिहितो, कोणी 'गडकरी, रा. ग.'. माणूस हे सगळे पाहून मनातल्या मनात एकत्र करतो. यंत्राला ते पाच लेखक वाटतात. म्हणून लेखकांचा एक स्वतंत्र तक्ता करायचा, त्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा, आणि ग्रंथांच्या तक्त्यात नाव न लिहिता केवळ तो क्रमांक लिहायचा. लेखकांच्या तक्त्यात तो क्रमांक ही 'प्रायमरी की', आणि तोच क्रमांक ग्रंथांच्या तक्त्यात आला की ती 'फॉरिन की'. एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने आयबीएमच्या संशोधनशाळेत काम करीत असताना १९७० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तक्त्यांच्या परस्परसंबंधांची ही सारी कल्पना आहे आणि ही संज्ञाही आहे.

संज्ञा चमत्कारिक आहे खरी. 'फॉरिन'चे 'परदेशी' केले तर भलताच अर्थ होतो, 'परकीय' केले तर राजकारणाचा वास येतो. आम्हांला 'परकी किल्ली' बरे वाटते. शेजाऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खुंटीला अडकवलेली असावी, तसे काहीसे. किल्ली आपल्याकडे आहे, पण कुलूप तिकडे. आणि १४५२ क्रमांकाचे वाक्य एवढेच सांगते की, खुंटीला किल्ली तर आहे, पण तिने उघडेल असे घर गावात नाही.

ग्रंथालयशास्त्राला ही कल्पना नवी नव्हती. जुन्या कार्डसूचीत 'गोविंदाग्रज' या नावाचे एक कार्ड असे आणि त्यावर 'पाहा : गडकरी, राम गणेश' एवढेच लिहिलेले असे. छापील सूचींतही हेच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीने सिद्ध केली, ती चाळताना टोपणनावे, 'एक गृहस्थ', 'एक हिंदू' असल्या सह्या आणि नुसती आद्याक्षरे यांच्या रानातून सूचिकाराला कशी वाट काढावी लागत असेल याची कल्पना येते. पण कागदाच्या सूचीत आणि विदागारात एक भेद आहे. 'पाहा' म्हटलेले कार्ड खणात नसेल तर खण काही बोलत नाही. वाचक तेथवर जातो, हात हलवत परत येतो, आणि बहुधा आपलेच काही चुकले असे समजतो. विदागारात मात्र तो अभाव बोलतो, तोही नोंद करण्याच्या क्षणी, नोंद करणाऱ्याच्या तोंडावर. ज्याला आपण त्रुटीचा संदेश म्हणतो तो खरे पाहता त्या न सापडलेल्या कार्डाचा आवाज आहे.

अर्थात पडणारे प्रत्येक वाक्य इतके अर्थगर्भ नसते. पुष्कळ वेळा कारण अगदी सुताराचे असते. ग्रंथ आधी भरले आणि लेखक नंतर, तर पालक अजून जन्मलेलाच नसतो. भरण्याचा क्रम उलटा केला की प्रश्न मिटतो. कधी एका तक्त्यातील क्रमांकाला ऋण संख्या चालते आणि दुसऱ्यातील क्रमांकाला चालत नाही, एवढ्यावरून प्रणाली दोहोंचा संबंधच जोडू देत नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी '१५०' असा आकडा टाकून गप्प बसत; आठव्या आवृत्तीपासून कोणता स्तंभ कोणत्या स्तंभाशी जुळत नाही हे ती नाव घेऊन सांगते. मजकूर असलेल्या स्तंभांच्या बाबतीत वर्णमालेची व तुलनेची पद्धतही दोन्हीकडे एक असावी लागते. नेमके कशावर अडले हे कळत नसेल तर 'शो एंजिन इनोडीबी स्टेटस' ही आज्ञा द्यावी; तिच्या लांबलचक उत्तरात 'लेटेस्ट फॉरिन की एरर' असे एक शीर्षक असते आणि त्याखाली अडलेल्या ओळीचा तपशील. तेथे फक्त शेवटची अडचण मिळते, आधीच्या पुसल्या गेलेल्या असतात. एवढे माहीत असले की या जातीच्या अडचणी तासाभरात निघतात.

एक अडचण मात्र अशी निघाली की तिचे मूळ यंत्रात नसून आपल्या लिपीत होते. तिच्यापाशी थोडे रेंगाळतो.

जुन्या पत्रकात लेखकांना क्रमांक नव्हते. नाव हीच त्यांची ओळख. तेव्हा पहिल्या पायरीवर आम्ही नावालाच किल्ली मानून जोडणी केली, आणि नावाची तुलना काटेकोर व्हावी म्हणून ती बाइटगणिक करण्याची आज्ञा दिली. ज्यांच्या नावात 'कऱ्हाड', 'बऱ्हाणपूर' अशी अक्षरे येतात त्या मंडळींचे ग्रंथ एकामागून एक नाकारले जाऊ लागले. लेखकांच्या तक्त्यात नाव डोळ्यांसमोर दिसते आहे, ग्रंथाच्या ओळीतले नाव त्याच्याशी हुबेहूब जुळते आहे, आणि यंत्र म्हणते आहे की असा कोणी नाही. दोन्ही नावे कागदावर छापून शेजारी ठेवली तरी भेद दिसेना.

भेद दिसण्यासारखा नव्हताच. आपला हा जो अर्धा र आहे, पापणीसारखा, जो 'सूर्या'त नसतो आणि 'सुऱ्या'त असतो, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्तचिन्ह लावायचे. दोन, साधा 'र', मग हलन्तचिन्ह, आणि मग शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पहिल्या रीतीने 'कऱ्हाड', दुसऱ्या रीतीने 'कर्‍हाड'. वाचकाला दोन्ही सारखीच दिसतील; दिसावीत अशीच ती योजना आहे. परंतु 'ऱ्ह' एवढ्या जोडाक्षराला पहिल्या रीतीने नऊ बाइट लागतात आणि दुसऱ्या रीतीने बारा. नावाची लांबी बाइटांत मोजून दाखवण्याची आज्ञा दिली तेव्हा हे उघडकीस आले. टंकणाऱ्या एकाच्या कळफलकाला पहिली सवय होती, दुसऱ्याच्या कळफलकाला दुसरी; दोघांचेही शुद्धलेखन निर्दोष होते. 'ॲ'चेही असेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि काही जण हिंदीतले 'ऍ' वापरीत.

उपाय साधा होता. सगळा मजकूर एका रीतीवर आणून मगच क्रमांक द्यायचे. तो केला. पण या प्रसंगाने पाठ्यचिकित्सेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पोथ्यांच्या दोन प्रतींत पाठभेद असतो तेव्हा तो निदान दिसतो. 'ष'च्या जागी 'ख' दिसतो, मात्रा पुढेमागे झालेली दिसते. येथे दोन लेखनिकांच्या प्रती दिसायला एक आणि आत वेगळ्या. शेकडो पाने वाचून डोळे तयार केलेल्या संपादकालाही हा पाठभेद सापडला नसता. तो त्या हटवादी वाक्यामुळेच सापडला.

आता मोहाकडे येतो. १४५२चे वाक्य दिवसभर वाचलेल्या कोणाही माणसाला कोणीतरी एक मंत्र देतोच. 'सेट फॉरिन की चेक्स इज इक्वल टू झीरो.' म्हणजे पहारेकऱ्याला झोपवा. मंत्र जादूसारखा चालतो. सगळ्या ओळी निमूट आत जातात. त्याचा योग्य उपयोग नाही असे नाही. विदागाराची संपूर्ण प्रत दुसरीकडे उतरवताना तक्ते कोणत्याही क्रमाने येतात, म्हणून मायएसक्यूएलचे स्वतःचे प्रत काढण्याचे साधनही ही आज्ञा आरंभीच लिहून ठेवते. पण तेथे मूळ प्रत निर्दोष आहे हे गृहीत असते. आमच्यापुढचे पत्रक तसे नव्हते. आणि गंमत अशी की, मागाहून पहारा पुन्हा सुरू केला तरी मधल्या वेळात जे आत शिरले त्यांची तपासणी प्रणाली करीत नाही. पहारेकरी जागा होतो तो यापुढे येणाऱ्यांसाठी. पोस्टग्रेसमध्ये याहून सभ्य सोय आहे. तेथे अट 'अद्याप न पडताळलेली' असे नोंदवून ठेवता येते आणि पुढे सवडीने जुन्या ओळींची पडताळणी करवून घेता येते. निदान पडताळणी झालेली नाही हे कोठेतरी लिहिलेले राहते.

वाचनालयाच्या आधीच्या एका संगणकीकरणात तर याहून सूक्ष्म प्रकार झालेला आढळला. तेथे संबंधाची अट रीतसर लिहिलेली होती. पण ते तक्ते मायआयसॅम नावाच्या जुन्या साठवणयंत्रणेवर बांधलेले होते, आणि ती यंत्रणा अशी अट वाचून घेत असे, तक्रार करीत नसे, आणि पाळीतही नसे. अट पाळणारी इनोडीबी ही यंत्रणा मायएसक्यूएलमध्ये आपोआप मिळू लागली ती ५.५ या आवृत्तीपासून, २०१० साली. तोवर अनेकांनी अट लिहिली आणि ती पाळली जाते आहे अशा समजुतीने काम केले. त्यात त्या मंडळींना दोष देता येत नाही. कबूल केल्यासारखे करून न पाळणारी व्यवस्था ओळखणे अवघडच असते.

पहारा न झोपवता पोरक्या ओळी आधीच हुडकून काढण्याची एक रीत आहे आणि ती आम्हांला फार आवडते. यंत्राला सांगायचे की, प्रत्येक ग्रंथाशेजारी त्याचा लेखक मांड. लेखक न मिळाला तर ती जागा मोकळी सोड, पण ग्रंथ गाळू नकोस. या मांडणीला 'लेफ्ट जॉइन' म्हणतात. मग सांगायचे की, आता ज्यांच्या शेजारची जागा मोकळी राहिली तेवढ्याच ओळी मला दाखव. (ज्या ओळीने मुळातच कोणाचा निर्देश केलेला नाही ती यातून वगळावी लागते. ती पोरकी नव्हे. तिने कोणावर दावाच सांगितलेला नाही.) अशी यादी निघाली की ती छापून घ्यावी आणि संगणक बंद करावा. यापुढचे काम टेबलावर, ग्रंथ समोर घेऊन करावयाचे असते.

कारण त्या यादीत काय होते? भाषांतरकाराला लेखक म्हणून नोंदवलेले होते. 'संपादक मंडळ' नावाचा एक बहुप्रसव लेखक होता. एके ठिकाणी लेखकाच्या जागी प्रस्तावनाकार बसला होता, कारण मुखपृष्ठावर त्याचे नाव मोठ्या टायपात होते. आणि ज्यांची मुखपृष्ठेच गेली आहेत अशी काही पातळ पुस्तके होती. त्यांच्या कार्डावर लेखकाच्या जागी केवळ एक आद्याक्षर आणि प्रश्नचिन्ह होते. यंत्राच्या दृष्टीने या सगळ्या एकाच गुन्ह्याच्या ओळी. आमच्या दृष्टीने प्रत्येकीचा न्याय वेगळा.

येथे दुसरा मोह उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण तो सभ्य दिसतो. लेखकांच्या तक्त्यात 'अज्ञात' नावाची एक ओळ घालायची, तिला क्रमांक द्यायचा, आणि सगळ्या पोरक्या ओळी तिच्या नावावर करून टाकायच्या. अट पुरी होते, वाक्य पडत नाही, काम संपते. कोणी वाचक उद्या लेखकवार यादी काढील तेव्हा मराठीतला सर्वांत विपुल लेखक 'अज्ञात' हा ठरेल, एवढेच. त्याने कीर्तनाची आख्याने लिहिली, पाककृती लिहिल्या, घोड्यांच्या रोगांवर लिहिले. ज्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही अशा पन्नास माणसांना आपण एका देहात कोंबले, आणि तेही अट पाळण्याच्या नावाखाली.

जागा मोकळी ठेवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. परकी किल्ली कोरी असू शकते. 'नल' असली तर प्रणाली पालक मागत नाही. पण कोरेपणही एका प्रकारचे नसते हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. लेखक होता पण आपल्याला माहीत नाही, हे एक. लेखकाने हेतुतः नाव दिले नाही, हे दुसरे. आणि लेखक ही कल्पनाच जेथे लागू पडत नाही, जात्यावरच्या ओव्या किंवा एखाद्या संस्थेची नियमावली, हे तिसरे. कॉडलाही हे खटकत होते. १९९०च्या आपल्या पुस्तकात त्याने 'माहिती आहे पण हाती नाही' आणि 'माहिती लागूच पडत नाही' अशा दोन निरनिराळ्या खुणा असाव्यात असे सुचवले. प्रत्यक्षातल्या प्रणालींनी ते मनावर घेतले नाही. त्यांच्यापाशी एकच 'नल' आहे आणि तो सगळीकडे वापरावा लागतो. आम्ही त्याच्याशेजारी 'कारण' असा एक स्तंभ वाढवला. तंत्रज्ञ मित्रांना तो अनावश्यक वाटला. आमच्या मते संपूर्ण सूचीत सर्वाधिक वाचनीय स्तंभ तोच आहे.

या संदर्भात 'कळ्यांचे निःश्वास'चा विचार करावा. १९३३ साली ते पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्या नावामागे कोण आहे यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी कोणा सूचिकाराजवळ आजचे विदागार असते तर त्याने काय केले असते? ग्रंथाला नाव होते. नावाला व्यक्ती नव्हती. किंवा व्यक्ती होती, पण सूचिकाराच्या तक्त्यात तिला यायचे नव्हते. नाव हे टोपणनाव आहे एवढे लिहून व्यक्तीचा रकाना कोरा ठेवणे, हीच १९३३ सालची सत्य नोंद. पुढे मालतीबाई बेडेकर हे नाव उघड झाल्यावर तो रकाना भरायचा. ग्रंथाच्या ओळीला हात लावायचा नाही. त्या काळी घाईने कोणा पुरुष लेखकाचा क्रमांक तेथे टाकला असता (तर्क तर बरेच लढवले जात होते) तर प्रणालीने हरकत घेतली नसती. तिला पालक हवा असतो; तो खरा आहे की नाही हे ती विचारीत नाही.

याच विचाराने आम्ही लेखकांचा तक्ता दोन भागांत वाटला. एक नावांचा, एक व्यक्तींचा. ग्रंथाने मुखपृष्ठावर छापलेल्या नावाकडे बोट दाखवायचे, आणि नावाने व्यक्तीकडे. 'विशाखा' कुसुमाग्रजांकडे जाते, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांकडे, आणि ती दोन्ही नावे एका गृहस्थाकडे. पूर्वीच्या पत्रकात हे दोन स्वतंत्र लेखक होते. 'दोन कशाला? एक पुसून टाका' असे सुचवण्यात आले होते, आणि पुसू गेल्यावर प्रणालीने या वाक्याचे दुसरे भावंड ऐकवले, क्रमांक १४५१ : या पालकावर मुले अवलंबून आहेत, याला हटवता येत नाही. त्यावरही तोडगे असतात. 'ऑन डिलीट कॅस्केड' अशी अट आधी घालून ठेवली की पालक पुसताच त्याची सगळी मुले आपोआप पुसली जातात. हिशेबाच्या कामात याला अर्थ आहे. मागणीपत्रक रद्द झाले तर त्यातल्या ओळी राहून काय करणार? ग्रंथसूचीत मात्र त्याचा अर्थ असा की, कुसुमाग्रज हे नाव दुबार म्हणून काढायला जावे आणि 'विशाखा'ही त्याबरोबर निघून जावी, एकही शब्द न उच्चारता. आम्ही ही अट कोठेही घातली नाही. जेथे नोंद खरोखरच दुबार होती तेथे मुलांना आधी खऱ्या पालकाकडे नेले आणि मग रिकामी ओळ काढली. दोन टप्प्यांत, मध्ये मोजणी करून.

येथवरच्या सगळ्या अडचणींत एक गोष्ट समान होती. पालक नाही, आणि म्हणून वाक्य पडते. परंतु आम्हांला सर्वाधिक वेळ लागला तो जेथे एकही वाक्य पडले नाही तेथे. सूचीत संतांच्या पदांची काही हस्तलिखित बाडे होती आणि त्यांतील प्रत्येक पदाची स्वतंत्र नोंद करावयाची होती. अभंगाची एक सोय अशी की तो आपली परकी किल्ली स्वतःच बाळगून असतो. शेवटच्या चरणातील नाममुद्रा हीच ती. 'तुका', 'नामा', 'चोखा'. 'एका जनार्दनी' ही तर जोडकिल्लीच. शिष्य आणि गुरू मिळून ओळख पुरी होते. टंकणाऱ्याने मुद्रा पाहिली आणि क्रमांक टाकला. 'नामा' दिसले की नामदेव. नामदेवांची ओळ तक्त्यात होतीच. सगळ्या ओळी विनातक्रार आत गेल्या.

आता नामदेवांच्या नावावर छापल्या जाणाऱ्या गाथेत नंतरच्या काळातील नाम्यांचे अभंग मिसळले आहेत हे अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. महाभारत मराठीत आणणारा विष्णुदास नामा त्यांत प्रमुख. 'विष्णुदास नामा' अशी पूर्ण मुद्रा आली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही, कारण संत नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवून घेतात. किल्ली एक, आणि ती बसेल अशी घरे दोन किंवा अधिक. या अडचणीला क्रमांक नाही. 'लेफ्ट जॉइन' करून तिची यादी निघत नाही, कारण शेजारची जागा मोकळी नसते. तेथे कोणीतरी बसलेले असते. ज्या भागात यंत्राने आम्हांला पन्नास वेळा अडवले तो भाग आता आम्ही निर्धास्तपणे दाखवू शकतो. ज्या भागात त्याने एकदाही अडवले नाही तो दाखवताना आवाज खाली येतो.

यावर आम्ही जे केले ते पूर्ण समाधानकारक नाही, पण सांगण्यासारखे आहे. अभंगाच्या ओळीतून कवीचा क्रमांक काढून टाकला. अभंगाने केवळ मुद्रेकडे बोट दाखवायचे, कारण कागदावर आहे ती मुद्रा. मुद्रा आणि कवी यांच्यामध्ये एक नवा तक्ता घातला, त्याला नाव दिले 'मते'. त्यातली प्रत्येक ओळ असे म्हणते की, अमुक अभ्यासकाच्या मते, अमुक ग्रंथात, हा अभंग अमुक कवीचा मानला आहे. एका अभंगाला दोन मते असू शकतात, परस्परविरुद्धही असू शकतात. कोणतेच नसेल तर तेही चालते. अट आता कवीच्या सत्यतेबद्दल काही सुचवीत नाही. ती एवढेच पाहते की मत देणारा कोणीतरी नोंदलेला आहे.

आणि तेथे पुन्हा वाक्य पडले. ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष होत, असे प्रतिपादन १८९८-९९च्या सुमारास 'सुधारक'मधून झाले होते. ते मत आज मान्य नसले तरी मतांच्या तक्त्यात त्याला जागा हवीच. ओळ भरली, आणि १४५२. अभ्यासकाच्या रकान्यात 'भारद्वाज' असे होते आणि त्या नावाची व्यक्ती दप्तरी नव्हती. एका ज्ञानेश्वरांचे दोन करणाऱ्या या लेखकाने स्वतः टोपणनाव घेतले होते. आधी व्यक्तींच्या तक्त्यात शिवराम एकनाथ भारदे यांची ओळ घालावी लागली, मग नावांच्या तक्त्यात भारद्वाजांची, आणि त्यानंतरच त्यांचे मत दाखल झाले.